मसाला एवढा झणझणीत, मग भात बाधला कसा?

काही वर्षांपूर्वीची वैशाख पौर्णिमा. पैठणच्या आमच्या वस्तीतल्या विहारात सायंकाळी वंदना झाली, दोन भाषणे झाली आणि मग सहभोजन झाले. मोठ्या पातेल्यात मसालेभात शिजवला होता. लवंग, दालचिनी, तमालपत्र, मिरे, ठेचलेला लसूण, आले, हळद, कशालाच हात आखडता घेतला नव्हता. जेवणे उरकता उरकता रात्रीचे साडेदहा झाले. पाव पातेले भात उरला. मे महिन्याचा उकाडा असा की रात्रीही अंगाच्या धारा थांबेनात.

उरलेल्या भाताचे काय करायचे, असे कोणीतरी विचारले. मी समितीचा हिशेब ठेवणारा माणूस. तांदळाचा भाव मला ठाऊक, वर्गणी कोणी कशी पोटाला चिमटा घेऊन दिली तेही ठाऊक. मीच म्हणालो, "राहू द्या झाकून. मसाल्याचा भात आहे, त्याला काही होत नाही. सकाळी घरोघर वाटू."

सकाळी भात गरम केला आणि वाटला. वासही चांगलाच येत होता. अकराच्या सुमारास पहिल्या घरातल्या पोराला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत सात-आठ घरांत तोच प्रकार. आशाताई ओआरएसची पाकिटे घेऊन दारोदार फिरल्या. तीन लेकरे आणि एक आजी यांना दवाखान्यात नेऊन सलाइन लावावे लागले. रात्री सगळे घरी परतले. कोणाचा जीव गेला नाही, याचे श्रेय आशाताईंच्या पायपिटीला आणि डॉक्टरांना.

दुसऱ्या दिवशी मी त्या आजींना भेटायला गेलो. खाटेवर पडल्या पडल्या त्या मला म्हणाल्या, "दादा, मूठभर लवंगा-दालचिनी मी सोताच्या हातानं टाकली व्हती. लसूण तर किलोभर. आमच्या आज्या-पणज्या सांगायच्या, मसाल्यानं अन्न टिकतं. मग भात बाधला कसा?"

मला उत्तर देता आले नाही. मी कॉमर्सचा विद्यार्थी, जमा-नावे एवढेच शिकलेला. पण चूक माझ्या तोंडून झाली होती. म्हणून डॉक्टरांना विचारले, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले, मिळेल ते वाचले. जे समजले ते आपल्या भगिनींपुढे आणि बांधवांपुढे ठेवतो.

डब्यातली जमा बाजू

पहिली गोष्ट अशी की आजींचे म्हणणे पुरते खोटे नव्हते. आपल्या मिसळणाच्या डब्यात जंतूंना मारक असे पदार्थ खरोखरच आहेत. झाडाला पाय नसतात. कीड आली, बुरशी आली तर त्याला पळता येत नाही. म्हणून ते आपल्या पानात, सालीत, बियांत उग्र रसायने साठवते. आपण ज्याला वास आणि झणका म्हणतो, ते बहुतेक वेळा झाडाचे हत्यार असते.

लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. ते जंतूंच्या पेशीचे आवरण फोडते आणि वेदनाही बधिर करते. दाढ दुखली की लवंग धरायची, हे आईने सांगितलेले औषध दातांच्या दवाखान्यातही पोहोचले आहे. किडलेल्या दातात तात्पुरते सिमेंट भरतात, त्यात झिंक ऑक्साइडबरोबर हेच युजेनॉल कालवलेले असते. ओव्यात थायमॉल असते; गुळण्या करण्याच्या बाटलीबंद औषधांतही ते वापरतात. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड असते. त्या मानाने मिरे आणि आले यांचा जंतूंवरचा असर कमी.

लसणाची गोष्ट तर फार गमतीची आहे. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतली दोन द्रव्ये एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होते. 1944 साली अमेरिकेतील कॅव्हॅलिटो आणि बेली या संशोधकांनी ते वेगळे काढले आणि ते जंतूंना रोखते हे दाखवले. पण पाकळी न ठेचता उकळत्या भाजीत टाकली, तर अ‍ॅलिसिन बनवणारे द्रव्यच उष्णतेने निकामी होते. वास राहतो, चव राहते, जंतुनाशक ताकद बरीचशी जाते.

पाटा-वरवंट्याला परवानगी

हे ज्ञान आजचे नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचा एक स्वतंत्र भाग आहे. आजारी भिक्खूंना तथागतांनी कोणकोणती औषधे जवळ ठेवण्याची मुभा दिली, त्याची यादी त्यात येते. मुळांमध्ये हळद आणि आले आहे. फळांमध्ये पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा आहेत. डिंकांमध्ये हिंग आहे. ही मुळे वाटण्यासाठी पाटा-वरवंटा बाळगायलाही परवानगी दिलेली आहे. आपल्या घरच्या डब्यातली निम्मी नावे त्या यादीत भेटतात.

पण त्या यादीबरोबर एक अटही आहे, ती आपण सहसा वाचत नाही. ही औषधे कारण असेल तरच घ्यायची. कारण नसताना घेतली तर तो दोष मानला आहे. म्हणजे औषधाला कारण हवे, हा विचार तिथे आहे. कारण ओळखायचे तर रोग ओळखायला हवा, आणि तिथूनच आपला आजचा प्रश्न सुरू होतो.

हळदीचा खटला आपण जिंकला, पण काय जिंकले?

हळदीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "अहो, हळदीचे पेटंट अमेरिकेकडून परत आणले आपण. म्हणजे हळद औषध आहे हे अमेरिकेनेही मान्य केले." मीही भाषणात असे म्हणत असे. पण खटला नीट वाचला तेव्हा माझी चूक कळली.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला एक पेटंट मिळाले. जखम भरून येण्यासाठी हळद वापरणे, हा त्याचा विषय. त्यावर भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ऑक्टोबर 1996 मध्ये हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. लहानपणी वडील गेलेले, आईने कष्ट करून वाढवलेला, मुंबईत म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेला आणि रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केलेला हा माणूस. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले आणि जुन्या वैद्यकीय नियतकालिकांतले 32 पुरावे मांडले. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट रद्द ठरले.

हा विजय मोठाच होता. गरिबाच्या चुलीजवळचे ज्ञान कोणी आपल्या नावावर करून घेऊ शकत नाही, हे त्यातून ठरले. मात्र निकाल एवढाच होता की ही गोष्ट नवी नाही, भारतात ती आधीपासून माहीत आहे. हळदीने जखम किती भरते, किती जंतू मरतात, हे त्या निकालात तपासलेले नव्हते. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे ठरले, म्हणजे शेतात पीक किती येते हे ठरले असे होत नाही.

चमच्याचा हिशेब

आता थोडा हिशेब मांडू. हळदीत कुरकुमिन हे पिवळे द्रव्य असते. शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण तीन ग्रॅम धरू. पाच माणसांच्या भाजीत आपण अर्धा चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळद टाकतो. त्यात कुरकुमिन 45 मिलिग्रॅम. पाच जणांत वाटले तर माणशी नऊ मिलिग्रॅम.

1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी माणसांना एका वेळी दोन ग्रॅम, म्हणजे 2000 मिलिग्रॅम कुरकुमिन दिले. रक्तात ते जवळपास सापडलेच नाही. त्याबरोबर मिऱ्यातले पायपरिन 20 मिलिग्रॅम दिले तेव्हा प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढले. पण मुळात जे नगण्य, त्याचे वीस पट तरी किती होणार? दोन ग्रॅम कुरकुमिन पोटात जायला साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल. वीस-बावीस चमचे हळद घातलेली भाजी कोण खाईल?

प्रयोगशाळेत काचेच्या बशीवर जंतू वाढवतात आणि त्यावर मसाल्याचा तीव्र अर्क किंवा तेल सोडतात. तिथे जंतू मरतात, हे खरे. पण बशीवरच्या थेंबात जे घडते, ते पातेलेभर भातात घडत नाही. तिथे मसाला पसरून पातळ होतो, तेल आणि डाळ-तांदूळ त्याची धार बोथट करतात, आणि उकळताना सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. स्वयंपाकघरभर पसरलेला तो घमघमाट म्हणजे पातेल्यातून निघून गेलेले औषध!

उष्ण देशांत मसाले जास्त का खातात, यावरही मोठा वाद झाला आहे. 1998 साली अमेरिकेतील बिलिंग आणि शर्मन यांनी 36 देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक पाककृती तपासल्या आणि म्हटले की जिथे उष्णता जास्त तिथे अन्न लवकर नासते, म्हणून तिथे जंतुनाशक मसाले वाढले. हे म्हणणे जगभर गाजले. पण 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 33,750 पाककृती तपासल्या आणि त्यांना या म्हणण्याला फारसा आधार सापडला नाही. शास्त्राची रीत ही अशी असते. कालचे मत आज पुन्हा तपासले जाते आणि तसे करण्यात कोणाचा अपमान नसतो. कालामांना दिलेला उपदेश आपण ऐकतो तो हाच: परंपरेने आले म्हणून मानू नका, तपासून पाहा.

मग भात बाधला कसा?

डॉक्टरांनी मला जे समजावले ते असे. भाताची तपासणी झाली नव्हती, पण लक्षणे आणि वेळ पाहून त्यांचा रोख एका जंतूवर होता. बॅसिलस सेरियस त्याचे नाव. हा मातीत असतो, तांदळावर असतो. संकट आले की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजासारखा पडून राहतो. पाणी उकळले तरी ते बीज मरत नाही. भात शिजला, निवून कोमट झाला, आणि रात्रभर झाकून ठेवला की बीजातून जंतू उठतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. सकाळी भात कितीही गरम करा, हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. आमच्याकडे नेमके तसेच झाले होते.

यापुढे डॉक्टर जे बोलले ते ऐकून मी चाटच पडलो. हे बीज मसाल्यातूनही येते! मिरची, मिरे, हळद, धने उघड्यावर, जमिनीवर वाळतात. त्यांच्यावर माती बसते, धूळ बसते, पाखरे बसतात. मराठवाड्यात हिंगोली, नांदेड, परभणीकडे हळद पिकते, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे हळद काढणाऱ्या, शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या मजूर भगिनींना विचारा. शिजवलेली हळद कित्येक दिवस उन्हात पसरलेली असते. दोष त्यांच्या हातांचा नाही, मसाला वाळण्याची रीतच तशी आहे. म्हणजे जो डबा जंतू मारतो म्हणून आपण निर्धास्त राहिलो, तो आपल्याबरोबर जंतूंचे बीजही घेऊन आला होता.

लसणाचेही असेच. 1985 साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहात खाल्लेले अनेक लोक आजारी पडले. कारण निघाले, तेलात बुडवून ठेवलेला चिरलेला लसूण. तेलाखाली हवा नसते, तिथे बॉट्युलिझमचा जंतू वाढला आणि विष तयार झाले. जंतुनाशक म्हणून जगभर नाव असलेला लसूण आपल्याच बरणीतल्या जंतूला मारू शकला नाही.

मग लोणचे टिकते ते कशाने? भरपूर मीठ, कैरी-लिंबाचा आंबटपणा आणि कोरडी बरणी, यांचा त्यात मोठा वाटा. पापड, सांडगे, वाळवलेले मांस टिकते ते उन्हामुळे आणि मिठामुळे, कारण जंतूला पाणीच मिळत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी अन्न टिकवले हे खरेच. पण त्यांचे कौशल्य वाळवण्यात, खारवण्यात आणि ताजे तेवढेच रांधण्यात होते. आपण त्याचे सगळे श्रेय मसाल्याला दिले.

जखम, नाळ आणि भाजलेला हात

आता सर्वांत नाजूक विषय. जखमेत चिमूटभर हळद भरण्याची सवय घरोघर आहे. बाजारातली हळद निर्जंतुक नसते. खिळा लागला, विळा लागला, शेणामातीत पडून खरचटले, तर धनुर्वाताचा जंतू खोल जखमेत शिरू शकतो. हळदीने वरून रक्त थांबल्यासारखे दिसते आणि आपण दवाखाना टाळतो. इथेच घात होतो. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि धनुर्वाताची लस घेतली आहे का ते आरोग्य केंद्रात तपासून घ्या.

बाळाच्या नाळेला हळद, तेल, राख, शेण काहीही लावू नये. ती कोरडी आणि उघडी ठेवावी. एके काळी नवजात बाळांचा धनुर्वात हे आपल्या गरीब वस्त्यांतले नेहमीचे दुःख होते. गरोदरपणातली लस, दवाखान्यातले बाळंतपण आणि स्वच्छ नाळ यांमुळे तो इतका घटला की 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून त्याचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. हे यश लसीचे, दाईच्या धुतलेल्या हातांचे आणि स्वच्छ पात्याचे आहे.

भाजल्यावर हळद किंवा मसाल्याचा लेप लावू नका. वीस मिनिटे थंड वाहते पाणी सोडा. कानात लसणाचे गरम तेल घालू नका. टीबीच्या रोग्याला हळदीचे दूध आवडत असेल तर खुशाल द्या, पण एकही गोळी चुकवू नका. 2020 मध्ये करोनाच्या काळात घरोघर काढे झाले. गरम काढ्याने घशाला बरे वाटते, ते ठीक. पण करोना हा विषाणू होता, आणि त्याच्यापासून जीव वाचवायला लस आणि वेळेवर मिळालेला प्राणवायू कामी आला.

घरात काय पाळावे

शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. समाजाच्या कार्यक्रमात उरलेले अन्न त्याच रात्री वाटून टाकावे आणि लगेच खायला सांगावे. फ्रिज असेल तर भात मोठ्या पातेल्यात न ठेवता पसरट ताटात लवकर निववून आत ठेवावा. मोठे पातेले मध्यभागी पहाटेपर्यंत कोमट राहते, आणि जंतूला तेच हवे असते.

मसाला कोरड्या डब्यात, कोरड्या चमच्याने वापरावा. फोडणीत, भाजी शिजतानाच घालावा. वरून कच्चा भुरभुरून अन्न ठेवून देऊ नये. हळदीचा रंग भडक वाटला तर चिमूटभर हळद ग्लासभर पाण्यात टाकावी. शुद्ध हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते. पाणी गडद पिवळे झाले तर भेसळीची शंका घ्यावी.

आणि जुलाब-उलट्या झाल्याच, तर त्याच स्वयंपाकघरात खरे औषध आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ओआरएसचे पाकीट मिळाले तर अधिक उत्तम. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे सलाइन संपले. त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. शंभरात तीसच्या आसपास जाणारे रोगी चारच्या आत आले. बाळ मान टाकत असेल, लघवी होत नसेल, जुलाबात रक्त असेल, तर मात्र एक क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

आजींना मी हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे आता लवंगा टाकायच्या नाईत का?"

मी म्हणालो, "टाका की, आजी. चव येते, भूक लागते, दोन घास जास्त जातात. फक्त राखणीचे काम त्यांच्यावर सोपवू नका."

महावग्गातच आणखी एक प्रसंग आहे. जुलाबाने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला आधी पाणी आणायला सांगितले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजवले. हळद, आले, मिरे, हिंग यांची यादी त्याच ग्रंथात आहे. पण त्या दिवशी आधी स्वच्छ पाणी आले, आणि धुणारे हात आले.

पुढच्या वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात मसालेभात झाला तेव्हा आजींनीच लवंगा टाकल्या. उरलेला भात मात्र रात्री नऊलाच वाटून संपवला. पातेले घासून पालथे घातल्यावरच मी हिशेबाची वही मिटली.